देगांना नवे टॉवेल

“आपल्याला शिकायला पाठवालेत म्हणजे नेमकं काय शिकायला ओ साहेब?” रेवणसिद्धनं विचारलं.

“टीमवर्क,” गंगाधरराव होटगीकर म्हणाले.

“ते काय असतंय?”

“तेच आपल्याला माहीत नाही, म्हणून तर पाठवतायत.”

सोलापूरच्या एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच सेक्शन म्हणजे मोजून तीन माणसं. गंगाधरराव प्रमुख, दानेश्वरी कॉम्प्युटरवर, आणि रेवणसिद्ध माल चढवायला आणि कंपनीचा टेम्पो चालवायला. सुटी सुटी घेतली तर तिघंही सोन्यासारखी माणसं. एकत्र आली की मात्र माल जागचा हलायचा नाही. टेम्पो उभा असला की लेबलं नसायची. लेबलं निघाली की गंगाधररावांची सही नसायची. सही झाली की टेम्पो पंक्चर काढायला गेलेला असायचा. मग वरून विचारणा झाली की दानेश्वरी म्हणायची, “माझ्याकडून वेळेत निघालं होतं, सर.” रेवणसिद्ध म्हणायचा, “मी तर सकाळधरनं हितंच हाय की.” आणि गंगाधरराव चष्मा पुसत म्हणायचे, “मी काय बोलणार?” हे त्यांचं बोलणं दोन-दोन तास चालायचं.

मालकांची मुलगी ज्ञानदा पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आली आणि कारखान्यात नवं वारं शिरलं. तिचं म्हणणं, दुसऱ्या टॉवेलवाल्याकडं जाऊन आपण दुसरा टॉवेलच बघणार. शिकायचं तर आपल्याशी काडीचाही संबंध नाही अशा ठिकाणी जायचं. अकाउंट्सवाले एका दवाखान्याचं ऑपरेशन थिएटर बघून आले आणि त्यातले दोघं बघता बघता चक्कर येऊन पडले. विणकाम खातं श्रीपूरला साखर कारखाना बघायला गेलं आणि येताना बसभर ऊस घेऊन आलं. राहिलं डिस्पॅच.

“होटगीकर काका, तुमच्याशी स्पष्टच बोलते,” ज्ञानदानं त्यांना केबिनमध्ये बसवून सांगितलं. “पुण्याची एक एजन्सी आपलं सगळं डिस्पॅच करायला तयार आहे. कागद माझ्या टेबलावर पडलेत. सोमवारी तुम्ही काय शिकून आलात ते मला दाखवा. पटलं तर ठीक. नाहीतर मी सही करते.”

“मी सुटेन हो मॅडम, माझं रिटायरमेंट आलंच आहे. पण त्या दोघांचं काय?”

“ते सोमवारी बघू,” ज्ञानदा कागद आवरत म्हणाली. गंगाधरराव उठून बाहेर आले. दानेश्वरीची मुलगी बारावीला होती आणि रेवणसिद्धचं घर स्लॅबपर्यंत येऊन थांबलं होतं. त्या दोघांना त्यांनी एजन्सीबद्दल अवाक्षर सांगितलं नाही, आणि रात्री जेवण मात्र गेलं नाही.

“एवढं काय तोंड पाडून बसलाय?” त्यांच्या पत्नी गोदावरीबाई म्हणाल्या. “शुक्रवार पेठेत चांदसाबकडं जा की. माझ्या शिवणक्लासातली शमशाद, तिचे मिस्टर. लग्नाची जेवणं करतात. गावजेवण असू दे नाहीतर काही असू दे, त्यांची पंगत आजवर कधी उशिरा बसलेली नाही.”

“स्वयंपाक्याकडून काय शिकायचं?”

“वेळेवर पोचवायचं!” गोदावरीबाईंनी एवढंच सांगून दिवा मालवला.

रविवारी तिघं कंपनीच्या टेम्पोतून शुक्रवार पेठेत पोचले. रिकाम्या हातानं जाऊ नका, असं ज्ञानदा मॅडमनी बजावलं होतं, म्हणून पांढऱ्याशुभ्र टॉवेलांचा एक गठ्ठा बरोबर होता. एक्स्पोर्ट क्वालिटी. हात लावला तर लोण्यात बोट गेल्यागत वाटावं असा.

चांदसाबचं स्वयंपाकघर म्हणजे गल्लीच्या टोकाची मोकळी जागा. वर ताडपत्री, खाली चुलाण्यांची रांग, आणि चुलाण्यांवर ‘देगा’. देग म्हणजे तांब्याचं असं अजस्र भांडं की रेवणसिद्ध आत बसला असता तर नुसती टोपी दिसली असती. टायरवाले अतीक सेठ यांच्या मुलाचा वलीमा, म्हणजे लग्नानंतरचं जेवण होतं आणि दुपारी अख्खं सोलापूर हॉलवर जेवायला येणार होतं.

“या या, साहेब!” चांदसाब पोट सांभाळत पुढं आले. दाढी मेंदीनं रंगवलेली, आवाज असा की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. “गोदावरीबाईंचे मिस्टर म्हणजे आमचे जावईच! बसा. बघा. आमच्यासारखं काम पुण्या-मुंबईत नाय बघायला मिळणार, हां! नजर मात्र लावू नका.”

गंगाधरराव खुर्चीवर बसले, वही काढली, पेन उघडलं, आणि तसेच राहिले. लिहायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

कारण समोर जे चाललं होतं ते त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. तांदूळ धुणाऱ्यानं पाण्यातून हात वर काढला की पलीकडचा झारा घेऊन हजर. कांदा तळणाऱ्यानं नुसती मान वळवली की चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं जाई. एकजण देगेचं झाकण उचलतोय तोवर दुसरा मसाला घेऊन वाकलेला, आणि तिसरा झाकण धरायला पुढं आलेला. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. “झालं का?” असं कुणी विचारत नव्हतं. पलीकडं ओट्यावर शमशादबी मिठ्याची, म्हणजे गोडाची, तयारी करत होत्या, पण डोळा सगळ्या चुलींवर. एकदा त्यांनी बांगड्या वाजवल्या आणि सगळ्या चुलाण्यांचा जाळ एकदम कमी झाला.

“आई शप्पथ!” दानेश्वरी पुटपुटली. “सर, यांचा ग्रुप कुठल्या ॲपवर आहे?”

“ॲप कशाचं डोंबलाचं!” गंगाधरराव म्हणाले. “अगं, हे एकमेकांकडं बघतायत. बस, एवढंच करतायत.” आणि त्यांना भडभडून आलं. इतकी वर्षं एका खोलीत बसून आपण या पोरांकडं असं एकदा तरी बघितलंय का, असं त्यांना वाटून गेलं. शमशादबींनी न विचारताच त्यांच्यापुढं बिनगोश्ताचा खाना-दालचा, म्हणजे पिवळा भात आणि डाळ, ठेवला तेव्हा तर ते हात जोडूनच उठले.

देगा शिजल्या. झाकणं कणकेनं बंद झाली. सगळ्या देगा उचलून टेम्पो लागतो त्या कडेला ओळीनं ठेवल्या गेल्या. दुपारच्या नमाजची वेळ झाली तसे चांदसाब आणि त्यांची माणसं मशिदीकडं निघाली. “फरहान टेम्पो घेऊन येईल. आमचा मुलगा. त्याला सगळं माहिताय,” चांदसाब जाता जाता म्हणाले. शमशादबी आत गेल्या. जागा एकदम शांत झाली.

आणि इथंच आमच्या गंगाधररावांची नजर देगांच्या कड्यांवर गेली.

प्रत्येक देगेच्या कडीला एक चिंधी बांधलेली होती. तेलकट, मळकट, धुरानं काळवंडलेली. टॉवेलच्या धंद्यात हयात घालवलेल्या माणसाला अशी चिंधी बघवत नाही. एवढं सोन्यासारखं अन्न, एवढं देवमाणसांचं काम, आणि वर हे बोळे!

“दानेश्वरी, गठ्ठा आण,” ते म्हणाले.

पुढं जे झालं ते डिस्पॅच सेक्शनच्या इतिहासात आधी कधी झालं नव्हतं. दानेश्वरीनं टॉवेल झटकून पुढं धरला तोवर रेवणसिद्धनं जुनी चिंधी सोडली होती, आणि ती खाली पडायच्या आत गंगाधररावांनी नव्या टॉवेलाची गाठ मारली होती. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. बघता बघता सगळ्या देगा पांढऱ्याशुभ्र टॉवेलांनी नटल्या. तिघं एकमेकांकडं बघून लहान मुलांसारखी हसली.

तेवढ्यात फरहान टेम्पो घेऊन आला. उतरला, आणि देगांकडं बघून जागच्या जागी खिळला.

“या अल्ला,” तो म्हणाला. “सगळ्याच पांढऱ्या?”

“सगळ्याच,” गंगाधरराव अभिमानानं म्हणाले.

“अब्बांना माहिताय?”

“त्यांना आल्यावर कळेलच की. आमच्याकडून छोटीशी भेट समजा.”

फरहाननं छातीवर हात ठेवला. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते. “साहेब, तुमी लोकं लई मोठी. लई मोठी.” टॉवेलावरून गंगाधररावांचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. फरहानच्या दोन माणसांना घेऊन त्यांनी स्वतः देगा चढवून दिल्या. रेवणसिद्धनं फळी लावली, पोती अंथरली, आणि सगळा माल असा चढला की झाकणावरची कणीकसुद्धा तडकली नाही. टेम्पो गेला. आयुष्यात पहिल्यांदा डिस्पॅच सेक्शननं माल वेळेच्या आधी हलवला होता.

चांदसाब नमाजहून आले आणि रिकामी जागा बघून चमकले. “गेला माल? इतक्यात?”

“गेला!” तिघं एका सुरात ओरडली.

चांदसाब खूश झाले. त्यांनी हॉलवर फोन लावला. हॉलवाले म्हणाले, अजून काही आलेलं नाही. चांदसाबनी फरहानला फोन लावला. पलीकडून जत्रेसारखा गलका ऐकू आला.

“अब्बा!” फरहान ओरडून सांगत होता. “दवाखान्याच्या गेटवर हाव. पेशंटांची नातेवाईक मंडळी लई दुवा देऊ लागलीत! गोश्तवाली लाइन वेगळी, साधी लाइन वेगळी, सगळं बराबर चाललंय. निम्म्याच्या वर वाटून झालं. सेठच्या माणसांनी हातानं देगा चढवून दिल्या. अतीक सेठनी एवढं दिल खोललं, मी तर म्हणतो…”

चांदसाब मटकन खाली बसले. शमशादबी बाहेर आल्या. त्यांनी कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या ढिगातून एक तांबडी उचलली, एक हिरवी उचलली, एक पिवळी उचलली. काळपटलेल्या असल्या तरी हातात घेतल्यावर रंग दिसत होता.

“तांबडी म्हणजे गोश्त,” त्या हळूच म्हणाल्या. “हिरवी म्हणजे दालचा. पिवळी म्हणजे खाना. आणि पांढरी बांधतो ती देग अल्लाच्या नावाची. दवाखान्याच्या दारात वाटायची. आमच्या सासऱ्यांपासून चालत आलंय. दर लग्नातली एक.”

गंगाधररावांच्या पायाखालची जमीन सरकली. पाहुणे हॉलवर यायला फार तर तासभर राहिला होता. एका पोराच्या लग्नाचं जेवण त्यांनी चांगल्या टॉवेलाच्या नादात वाटून टाकलं होतं. ते कसेबसे उभे राहिले.

“चांदसाब, हे मी केलं. या दोघांचा काही संबंध नाही. माझं डोकं फिरलं होतं.”

“साहेब, माझाबी हात हुता की,” रेवणसिद्ध म्हणाला.

“आणि टॉवेल मी दिले,” दानेश्वरी रडायलाच लागली.

आता बघा. गंगाधररावांच्या ऑफिसात एवढं झालं असतं तर तिथून पुढं खुलासे, मेमो आणि मीटिंगा होऊन लग्नातल्या नवरा-नवरीला नातवंडं झाली असती. चांदसाबनी मात्र हात झटकला.

“ते नंतर,” ते म्हणाले. “आधी सांगा, टेम्पो हाय ना तुमचा? शमशाद, हातात काय काय हाय?”

“वाटलेलं परत आणायचं नाय,” शमशादबींनी आधीच सांगून टाकलं. “भुकेल्याच्या पुढ्यातनं उचलायचं नाय. राहिलेलंबी तिथंच वाटू दे. संध्याकाळच्या ऑर्डरची डाळ भिजलीय, ती आत्ता चढवते. बाकीचं गावात बघा.”

चिंध्यांच्या ढिगाकडं पुन्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. चुली पेटल्या. शमशादबींनी फोन उचलला. पहिला फोन त्यांनी कुणाला केला असेल? पलीकडच्या गल्लीतल्या बावर्च्याला. त्याच्याशी चांदसाबचं कित्येक वर्षं बोलणंचालणं नव्हतं, समोर आले तरी दोघं आपापल्या चपलांकडं बघायचे. “भाईजान, आमची पंगत अडकली,” एवढंच त्या म्हणाल्या. पलीकडून तो म्हणाला, “किती देगा?” त्याच्या ऑर्डरच्या देगा शिजून तयार होत्या. त्यानं कारण विचारलं नाही. मग खानावळवाले मल्लप्पा. ते म्हणाले, भात आहे, वांग्याची भाजी आहे, मांसाहार आमच्यात नसतो पण लागेल तेवढं साधं घेऊन जा. मग कडक भाकरी करून विकणाऱ्या शिवबाई. त्या म्हणाल्या, “पोतीच्या पोती हायती. शेंगाचटणी किती देऊ ते बोला.”

“आणायचं कुणी?” चांदसाबनी विचारलं आणि सगळ्यांनी गंगाधररावांकडं बघितलं.

तीस वर्षं सह्या करून करून गंगाधररावांच्या डोक्यात सोलापूरची गल्ली न् गल्ली भरलेली होती, फक्त ती कधी कामाला आली नव्हती. “रेवणसिद्ध, आधी भाकरी, ती पडून राहिली तरी बिघडत नाही. येताना खानावळ. देगा शेवटी, गरम राहतील. दानेश्वरी, तू फोनवर. प्रत्येकाला आपण पोचायच्या आधी माल रस्त्यावर काढून ठेवायला सांग. बोळात टेम्पो वळत नाही, तिथं मी उतरून गाड्या थांबवतो.” आणि शुक्रवार पेठेनं त्या दुपारी चष्मा घातलेला, इस्त्रीच्या कपड्यांतला एक माणूस भर रस्त्यात दोन्ही हात पसरून रिक्षा अडवताना पाहिला. “थांबा हो! लग्नाचं जेवण आहे!” तो ओरडत होता, आणि रिक्षावाले खरोखर थांबत होते. एक तर उतरून स्वतःच पोतं उचलू लागला. गंगाधररावांना वाटलं, हे गाव आपण इतकी वर्षं बघितलंच नाही. काय माणसं आहेत ही! काय गाव आहे हे!

हॉलवर पहिल्या पाहुण्यानं हात धुतले तेव्हा जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर पलीकडच्या गल्लीची बिर्याणी होती, गरम दालचा होता, साध्या पंगतीत मल्लप्पांचा भात-वांगं होतं, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी. हैदराबादहून आलेले व्याही तर दालच्यात भाकरी चुरून खाताना डोळे मिटून बसले होते. “वलीम्याला अशी नवी चीज आम्ही पहिल्यांदा खाल्ली,” ते म्हणाले.

तेवढ्यात अतीक सेठ तणतणत स्वयंपाकाच्या बाजूला आले. सेठ हा हिशेबी माणूस. चहात साखर घातली तरी चमचा झाडून घेणारा. दवाखान्यावरची बातमी त्यांना लागली होती.

“कुणाचं काम हे?” ते गरजले. “मला नाव पाहिजे!”

गंगाधरराव पुढं सरकले. पण त्यांच्या आधी चांदसाब शांतपणे म्हणाले, “आमचं.” त्यांच्या मागून तांदूळ धुणारा म्हणाला, “आमचं.” कांदा तळणारा म्हणाला, “आमचं.” शमशादबींनी नुसत्या बांगड्या वाजवल्या. बोलणंचालणं नसलेला तो पलीकडच्या गल्लीचा बावर्ची, ज्याचा यात काडीचा संबंध नव्हता, तोही हात पुसत म्हणाला, “आमचं.”

अतीक सेठ आता कुणावर ओरडावं या विचारात असतानाच त्यांचा फोन वाजला. मग पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला. दवाखान्याच्या गेटवरचे व्हिडिओ गावभर फिरत होते. मुलाच्या लग्नात आजाऱ्यांच्या नातेवाइकांना पोटभर जेवू घालणारा दिलदार माणूस म्हणून जो तो त्यांना सलाम ठोकत होता. सेठ आधी “हां, हां” म्हणाले. मग “अहो, त्यात काय एवढं” म्हणाले. शेवटी छाती फुगवून म्हणाले, “आमच्या घराण्याची पद्धतच आहे ती.” फोन ठेवून ते चांदसाबकडं वळले. “आधी सांगायला काय झालं होतं? मी कॅमेरावाला नेला असता की!”

सोमवारी कॉन्फरन्स रूममध्ये अकाउंट्सनं स्लाइड दाखवल्या, विणकामानं तक्ते दाखवले. गंगाधररावांकडं काही नव्हतं. वहीचं पान कोरंच होतं. ते उभे राहिले आणि झालं ते सगळं सांगून मोकळे झाले. एक शब्द झाकला नाही.

“म्हणजे,” ज्ञानदा सावकाश म्हणाली, “तुम्ही शिकायला गेलात आणि एका लग्नाचं अख्खं जेवण भलत्याच ठिकाणी डिस्पॅच करून आलात.”

“हो, मॅडम. तुम्ही एजन्सीच्या कागदावर सही करा. माझं काही म्हणणं नाही. फक्त या दोघांना दुसऱ्या खात्यात घ्या. यांच्यासारखी माणसं नाहीत. मलाच ती उशिरा दिसली.”

रेवणसिद्ध आणि दानेश्वरीनं एजन्सी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. दोघंही हळूच उठून गंगाधररावांच्या दोन बाजूंना येऊन उभी राहिली.

“सही करता येत नाही ना, काका. तीच तर अडचण झालीय,” ज्ञानदा म्हणाली. “सकाळी चांदसाबांचा फोन आला होता. मला वाटलं तक्रार असणार. पण ते मला अर्धा तास तुमच्याबद्दल सांगत होते. देगा इतक्या झटपट चढवणारी माणसं त्यांनी बघितली नाहीत म्हणे. अख्ख्या पेठेतून माल गोळा करून तासाभरात हॉलवर. मी दोनदा विचारलं, तुम्ही आमच्याच डिस्पॅचबद्दल बोलताय ना?” तिनं कपाळावरचा घाम पुसला. “आणि आता ते त्यांची सगळी माणसं घेऊन येतायत. गुरुवारी. तुमचं काम बघायला. शिकायला, म्हणाले. मी एजन्सीला नको म्हणून कळवलंय. नाहीतर त्यांना दाखवणार काय?”

गंगाधरराव दोघांना घेऊन तिथून बाहेर आले. गोडाऊनच्या दारात मागच्या आठवड्याचा माल खोकीच्या खोकी तसाच पडला होता. त्यांनी खोक्यांकडं बघितलं, मग दोघांकडं बघितलं.

“ऐका,” ते म्हणाले, “गुरुवारच्या आत आपल्याला हे सगळं शिकून घ्यायला पाहिजे.”

रेवणसिद्धनं बाह्या वर केल्या.